‘बिटवीन जॉब्स’ आणि त्याचे शेजारी : नोकरी नसताना इंग्रजीत बोलायचं तर या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून चालत निघालं की दोन्ही हातांना पाट्या लागतात. कुठे अमुक इंजिनिअरिंग वर्क्स, कुठे तमुक फाउंड्री वर्क्स. मागच्या पावसाळ्यात माझ्या संध्याकाळच्या क्लासला खानापूर तालुक्यातला एक मुलगा मुलाखतीची तालीम करायला बसला होता. मी कंपनीचा साहेब, तो उमेदवार. ‘व्हॉट आर यू डूइंग ॲट प्रेझेंट?’ मी विचारलं. त्यानं शर्टाची कॉलर सारखी केली, ताठ झाला आणि म्हणाला, ‘सर, आय ॲम बिटवीन वर्क्स.’

मागच्या बाकावरचे दोघे हसले नाहीत, कारण त्यांना ते बरोबरच वाटलं होतं. हसलो मी एकटाच. त्याला म्हणायचं होतं ‘बिटवीन जॉब्स’, म्हणजे सध्या नोकरी नाही. इंग्रजीत ‘वर्क्स’ म्हणजे कारखाना, पाटीवर लिहिलेला असतो तोच. म्हणजे मुलगा सांगत होता की मी दोन कारखान्यांच्या मधे आहे. तसं ते खोटंही नव्हतं. रोज सकाळी नऊच्या सुमाराला फाइल काखेत मारून तो उद्यमबागेत तसाच उभा असायचा.

‘काम म्हणजे वर्क, कामं म्हणजे वर्क्स. मग चुकलं कुठं सर?’ प्रश्न रास्त होता. आपण मराठीत ‘कामाला लागला’ म्हणतो तेव्हा नोकरीच म्हणत असतो, आणि शेजारच्या बोलीतल्या कन्नडमध्येही ‘केलस’ दोन्हीकडे चालतं. इंग्रजीला मात्र हिशेब हवा. ‘वर्क’ मोजता येत नाही, ‘जॉब’ मोजता येतो. म्हणून ‘आउट ऑफ वर्क’ बरोबर, ‘आउट ऑफ जॉब’ चूक, तिथं ‘आउट ऑफ अ जॉब’ असं ‘अ’ लावूनच म्हणायचं. आणि ‘बिटवीन’च्या पुढे ‘जॉब्स’च, अनेकवचनी.

मी एका कास्टिंगच्या कारखान्याच्या ऑफिसात पंधरा वर्षं काढली, त्यातली बरीच भरतीच्या टेबलामागे. पुढे कारखाना आवरता घेतला गेला आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायची पाळी माझ्यावर आली. त्यामुळे या चुका मी ऐकल्याही आहेत आणि केल्याही आहेत. त्यातल्या ज्या खरोखर नुकसान करतात त्यांच्यावर इथे जास्त लिहितो, बाकीच्या जाता जाता.

दोन काठ नसताना पूल

‘आय ॲम बिटवीन जॉब्स’ याचा अर्थ सध्या नोकरी नाही. पण एवढाच अर्थ असता तर कुणी ही खटपट केली नसती. एक नोकरी मागे झाली, दुसरी पुढे येणार, आणि मी त्या दोहोंच्या मधल्या जागेत आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. बेकारीला दिलेलं हे सौम्य नाव आहे. इंग्लंडातले नटनट्या काम नसलं की ‘रेस्टिंग’ म्हणतात, म्हणजे विश्रांती घेतोय. त्याच जातीचं हेही.

यावरून पहिली चूक आपोआप कळते. ज्यानं अजून एकही नोकरी केलेली नाही त्याला हा वाक्प्रचार वापरता येत नाही. मागचा काठच नाही तर ‘मधे’ कशाच्या? तरी इंजिनिअरिंग संपवून आलेली मुलं दर वर्षी मला हेच ऐकवतात, कारण मोबाइलवरच्या कुठल्या तरी व्हिडिओत ‘अनएम्प्लॉइड म्हणू नका, बिटवीन जॉब्स म्हणा’ असा सल्ला असतो. ऐकणारा लगेच विचारतो, ‘व्हेअर वेअर यू बिफोर?’ आणि मुलगा गप्प. नव्यानं बाहेर पडलेल्यानं सरळ ‘आय ॲम लुकिंग फॉर माय फर्स्ट जॉब’ म्हणावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

याच मुलांची जोडचूक म्हणजे ‘आय पास्ड आउट इन २०२३’. भारतात हे सगळे समजून घेतात, पण बाहेरच्या माणसाला ऐकू येतं की हा २०२३ मध्ये चक्कर येऊन पडला. कॉलेजसाठी ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. आपल्या बेळगावात मात्र ‘पासिंग आउट’ अगदी योग्य ठिकाणी ऐकू येतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात जवानांचं प्रशिक्षण संपलं की होते ती परेड. सैन्याच्या इंग्रजीत तो शब्द पक्का बसलेला आहे. आमच्या गल्लीतल्या दोन भावांपैकी एकाला तो शोभतो, दुसऱ्याला नाही, हे समजावताना माझी एक संध्याकाळ गेली.

व्याकरणाचं थोडक्यात. ‘बिटवीन जॉब’ नाही, ‘बिटवीन द जॉब्स’ नाही. ‘इन बिटवीन जॉब्स’ चालतं. ‘बिटवीन टू जॉब्स’ म्हटलं की अर्थच फिरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, याच्या हातात दोन नोकऱ्या आहेत आणि कुठली घ्यावी ते ठरत नाहीये. भाव वाढवून मागायचा असेल तर गोष्ट वेगळी.

‘खाली बसलोय’चं शब्दशः इंग्रजी

आमच्याकडे ‘सध्या खाली बसलाय’ म्हटलं तर तो जमिनीवर बसलाय असं कुणी समजत नाही. रिकामा आहे, एवढंच. हे ‘खाली’ इकडच्या कन्नडमध्येही असंच चालतं. मग इंग्रजी बोलायची वेळ आली की ‘सर, आय ॲम सिटिंग एम्प्टी’. दुसरा म्हणतो ‘आय ॲम व्हेकंट’. व्हेकंट जागा असते, खुर्ची असते, भाड्याची खोली असते. माणूस व्हेकंट म्हणजे त्याची नजर हरवलेली, डोक्यात काही नाही. तिसरा म्हणतो ‘आय ॲम फ्री नाऊ अ डेज’. ते ऐकून साहेब म्हणेल, बरं, मग उद्या चहाला येता का?

‘जॉबलेस’चं दुखणं जरा निराळं. पेपरात तो साधा शब्द आहे, बेरोजगार. पण आपली कॉलेजची मुलं एकमेकांना ‘काय जॉबलेस माणूस आहेस’ म्हणतात तेव्हा त्यांना रिकामटेकडा म्हणायचं असतं. तो वास शब्दाला चिकटलाय, म्हणून स्वतःबद्दल बोलताना मी तो टाळायला सांगतो.

‘आयडल’वर मात्र थांबायला हवं. वडगाव, शहापूर, खासबागेत ज्यांच्या घरात माग आहेत त्यांना हा शब्द रोजचा आहे. सूत आलं नाही, वीज गेली, साडीला उठाव नाही, की माग बंद. ‘माय लूम्स आर आयडल’ हे उत्तम इंग्रजी आहे. यंत्राला आयडल म्हटलं तर त्यात यंत्राचा दोष नसतो. पण त्याच घरातला मुलगा ‘आय ॲम आयडल’ म्हणाला की ऐकणाऱ्याच्या कानात ‘मी आळशी आहे’ वाजतं. माग थांबला तर आयडल, मागावरचा माणूस थांबला तर ‘आउट ऑफ वर्क’. हातमाग-यंत्रमागाच्या कर्जाचे अर्ज भरणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

या सगळ्या चुकांच्या मुळाशी मला मराठीतला एक शब्द दिसतो : बेकार. फारसीतून आलेला, अर्थ साधा, ज्याला काम नाही तो. पण आपण चहा बेकार झाला म्हणतो, रस्ता बेकार आहे म्हणतो. काम नसणं आणि किंमत नसणं एकाच शब्दात कोंबलं गेलं. म्हणून इंग्रजी बोलताना पोरं ‘अनएम्प्लॉइड’ला घाबरतात, जणू तोही शिवीच आहे. तो शिवी नाही. सरकारी कागदावरचा कोरडा शब्द आहे, आणि कोरडेपणाचाच कधीकधी उपयोग होतो.

माझी स्वतःची फजिती

कारखान्यात असताना इंग्लंडातल्या एका गिऱ्हाइकाशी माझा मेलवर रोजचा व्यवहार होता. गणपतीत चार दिवस सुट्टी टाकली. जाताना मेलला आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं : ‘आय ॲम आउट ऑफ वर्क टिल मंडे.’ मनात होतं, सोमवारपर्यंत कामावर नाही.

सोमवारी येऊन बघतो तर त्या बाईंचा मेल, आमच्या साहेबांना प्रत जोडलेली. ‘ऐकून फार वाईट वाटलं. तुम्हाला लवकरच चांगली नोकरी मिळो. आमच्या ऑर्डरचं आता कोण बघणार?’ साहेब टेबलापाशी आले. ‘काय हो, नोकरी सोडली म्हणे? आम्हाला सांगायचं तरी.’ मोदक अजून पोटात होते आणि मला दरदरून घाम फुटला.

तेव्हापासून हा फरक माझ्या डोक्यात खिळ्यानं ठोकलेला आहे. ‘आउट ऑफ वर्क’ म्हणजे नोकरीच नाही. ‘ऑफ वर्क’ म्हणजे नोकरी आहे, पण आज रजेवर किंवा आजारी. ‘आउट ऑफ ऑफिस’ म्हणजे जागेवर नाही, मग सुट्टीवर असा नाहीतर दौऱ्यावर. आणि मशिन बंद पडलं तर ‘आउट ऑफ ऑर्डर’. शॉप फ्लोअरवरून ‘प्रेस मशिन इज आउट ऑफ वर्क’ अशी चिठ्ठी मी वाचलेली आहे. बिचारं मशिन दुसरीकडे अर्ज करत असेल.

अशी चूक मेलमधून गेलीच तर लपवालपवी करू नका. ‘आय मेंट आय वॉज ऑन लीव्ह’ एवढं एका ओळीत कळवा. मी तीन परिच्छेद लिहून खुलासा केला आणि त्या खुलाशात आणखी दोन चुका केल्या.

‘ले-ऑफ’ : एकच शब्द, दोन अर्थ

मला सगळ्यात महागडी वाटते ती ही चूक, आणि ती करणाऱ्याचा त्यात दोष जवळजवळ नसतो.

फाउंड्रीत वर्षानुवर्षं काम केलेला एक मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, माझ्याकडे बायोडेटा घेऊन आला. वयानं माझ्याहून मोठा, हाताला भट्टीच्या जुन्या खुणा. दुसऱ्या कारखान्यात जायचं होतं. कुणा भाच्यानं इंग्रजीत लिहून दिलं होतं : ‘लेड ऑफ थ्री टाइम्स’. मी विचारलं, ‘मामा, तीनदा काढलं तुम्हाला?’ ते चिडलेच. ‘कोण काढतंय मला? माल पडून होता, ऑर्डर नव्हती, तेव्हा ले-ऑफ दिला हुता. पंधरा दिवसांनी परत कामावर. तीन येळा झालं तसं.’

त्यांचा शब्द बरोबर होता. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं ‘ले-ऑफ’ची व्याख्याच अशी केली : कोळसा, वीज किंवा कच्चा माल कमी पडला, माल साठून राहिला, यंत्र बिघडलं, म्हणून मालक काम देऊ शकत नाही, पण कामगाराचं नाव हजेरीपटावर कायम आहे. ठरावीक आकाराच्या कारखान्यात, वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला त्या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून ठरली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनंही ही व्याख्या जवळपास तशीच ठेवली. म्हणजे कायद्याच्या भाषेत ले-ऑफ हा तात्पुरता थांबा आहे. कायमचं कमी करण्याला वेगळा शब्द आहे, ‘रिट्रेंचमेंट’, आपली कामगार कपात. त्या १९४७ च्या कायद्यात तिची भरपाईही निराळी होती, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार.

पण अमेरिकेतून, आणि आता बेंगळुरू-पुण्याच्या आयटी कंपन्यांतून, जो ‘ले-ऑफ’ आपल्या कानावर येतो त्याचा अर्थ घरी पाठवलं, परत बोलावणार नाही. तिथेही हा शब्द पूर्वी तात्पुरत्यासाठीच होता, हळूहळू कायमचा झाला. त्यामुळे पुण्याच्या एखाद्या तरुण अधिकाऱ्यानं मामांचा बायोडेटा उचलला असता तर त्याला दिसलं असतं : तीन कारखान्यांनी हाकललेला माणूस. प्रत्यक्षात एकाच कारखान्यानं त्यांना तीनदा परत बोलावलं होतं. जी गोष्ट त्यांच्या बाजूनं बोलायची ती विरुद्ध बोलत होती.

आम्ही ती ओळ काढून टाकली. तिथं लिहिलं, ‘कंटिन्युअस सर्व्हिस’, पुढे सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष. तात्पुरत्या बंदचा उल्लेख बायोडेटात करायचाच कशाला? कुणी विचारलंच तर ‘प्रॉडक्शन वॉज स्टॉप्ड फॉर टू वीक्स, आय रिमेन्ड ऑन द रोल्स’, म्हणजे नाव हजेरीपटावर कायम होतं, असं म्हणायला शिकवलं. त्यांना ‘रोल्स’ म्हणायला फार आवडलं.

याच शब्दात व्याकरणाचा एक खड्डा आहे. मराठीत काम आपलं आपण सुटतं. ‘माझं काम सुटलं’, ‘माझी नोकरी गेली’. कुणी काढलं ते सांगायची गरज नाही. इंग्रजीत मात्र ‘आय वॉज लेड ऑफ’ असं ‘वॉज’ लावूनच म्हणायचं, कारण कुणीतरी तुम्हाला काढलंय. ‘वॉज’ गाळून ‘आय लेड ऑफ’ म्हणालात तर काढणारे तुम्हीच झालात, फक्त कुणाला ते सांगायचं राहिलं. आणि ‘काम सुटलं’चं ‘माय वर्क इज लेफ्ट’ करू नका. त्याचा अर्थ नेमका उलटा, माझं काम अजून शिल्लक आहे. लिहिताना ‘लेड’मध्ये ‘आय’ येतो, ‘वाय’ नाही, ‘पेड’सारखाच.

सॅक आणि नारळ

‘नारळ दिला’ म्हणजे कामावरून काढलं, हे कुठल्याही मराठी माणसाला सांगावं लागत नाही. गंमत अशी की निरोप समारंभात शालीबरोबर देतात तोही नारळच, फक्त तेव्हा त्याला श्रीफळ म्हणतात. इंग्रजीत नारळाच्या जागी पोतं आहे : ‘ही गॉट द सॅक’, ‘दे गेव्ह हिम द सॅक’. कारागीर आपली हत्यारं पोत्यात घेऊन कामावर यायचा, काढलं की मालक ते पोतं त्याच्या हातात द्यायचा, म्हणून हे आलं असं सांगतात. नारळापेक्षा हे जरा जास्त पटतं.

आता इथली अडचण. आपल्याकडे ‘सॅक’ म्हणजे पाठीवरची बॅग. शाळेतल्या पोराची सॅक, दिवाळीला कंपनीकडून भेट मिळालेली सॅक. एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, ‘इन दिवाळी द कंपनी गेव्ह माय फादर द सॅक.’ वडिलांना बॅग मिळाल्याचा आनंद होता, आणि वाचणाऱ्याला ऐन सणात नोकरी गेल्याचं दुःख. ‘द’च्या जागी ‘अ’ असता तर वडील वाचले असते. ‘अ बॅग’ लिहिलं असतं तर सगळेच वाचले असते.

‘सॅक’ आणि ‘फायर’ या दोन्हींत दोष माणसाचा, असा सूर असतो. कारखाना बंद झाला म्हणून नोकरी गेलेल्यानं ‘आय वॉज फायर्ड’ म्हणणं म्हणजे न केलेला गुन्हा कबूल करणं. मी स्वतः पहिल्या मुलाखतीत हेच म्हणालो होतो, कारण ‘काढलं’साठी तोंडात तोच शब्द तयार होता. समोरच्यांचा चेहरा बदललेला मला दिसला, पण कारण समजायला घरी यावं लागलं. ‘द फॅक्टरी क्लोज्ड डाउन’ हे चार शब्द पुरले असते. ब्रिटिश इंग्रजीत अशा वेळी ‘मेड रिडंडंट’ म्हणतात, पद उरलं नाही म्हणून. आपल्या कानाला ते ‘निरुपयोगी’सारखं लागतं, पण तिकडे त्यात अपमान नाही.

डोल म्हणजे डोलणं नव्हे

गेल्या वर्षी ‘ऑन द डोल’चा सुळसुळाट झाला. कारण शोधलं तर युवानिधी. कर्नाटक सरकारची ही योजना १२ जानेवारी २०२४ ला शिवमोग्ग्यात सुरू झाली : पदवी होऊन सहा महिने नोकरी मिळाली नाही तर महिन्याला ३००० रुपये, डिप्लोमावाल्याला १५००, जास्तीत जास्त दोन वर्षं. इकडच्या बऱ्याच मुलांनी अर्ज केले, आणि कुणीतरी शब्दकोशात बघून ‘बेकारभत्ता म्हणजे डोल’ असं जाहीर केलं.

अर्थ चूक नाही. ‘डोल’ हा इंग्रजीतला जुना शब्द, वाटून दिलेला हिस्सा, आपल्या शिध्याच्या जवळचा. ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्यानं बेकारीचा विमा सुरू झाला आणि पहिल्या महायुद्धानंतर त्या भत्त्याला लोक ‘द डोल’ म्हणू लागले. तेव्हापासून ‘ऑन द डोल’ म्हणजे सरकारी भत्त्यावर जगणारा. अमेरिकेत हे फारसं म्हणत नाहीत, तिथं ‘ऑन अनएम्प्लॉयमेंट’.

चूक सुरात आहे. ‘ऑन द डोल’मध्ये एक नाक मुरडणं असतं, फुकटचं खातोय अशा चालीचं. मित्रांत थट्टेनं म्हणा, मुलाखतीत म्हणू नका. भत्त्याचा उल्लेख करायचाच असेल तर ‘आय रिसीव्ह अ स्टेट अलाउन्स’. आणि ज्याला कुठलाही भत्ता मिळत नाही, घरच्या भाकरीवर आहे, तो डोलवर नाही. नुसत्या बेकार माणसाला ‘ऑन द डोल’ म्हणणं ही अर्थाचीच चूक झाली.

बेंच, हंगाम आणि नोटीस

बेंगळुरूला गेलेला मुलगा ‘बेंचवर आहे’ म्हणाला तर तो बिटवीन जॉब्स नाही. प्रोजेक्ट नाही, पगार चालू आहे. साखर कारखान्यातला हंगामी कामगार गळीत संपल्यावर घरी असतो तोही बिटवीन जॉब्स नाही, पुढच्या हंगामाला त्याच कारखान्यात जाणार आहे. त्यानं ‘आय डू सीझनल वर्क, इट्स ऑफ-सीझन नाऊ’ म्हणावं. राजीनामा देऊन शेवटचा महिना भरत असलेला अजून नोकरीतच आहे, ‘सर्व्हिंग नोटीस’.

कुठे म्हणायचं, कुठे लिहायचं

‘बिटवीन जॉब्स’ बोलण्यासाठी आहे. लग्नात भेटलेल्या कुणाशी, गोव्याच्या हॉटेलातल्या मॅनेजरशी पहिल्या गप्पांत, फोनवर. दोन-चार महिन्यांच्या मोकळ्या काळाला तो शोभतो. ‘ही हॅज बीन बिटवीन जॉब्स फॉर इलेव्हन इयर्स’ म्हटलं की ती थट्टा होते, इंग्रजीवाले मुद्दाम तशी करतात. स्वतःवर केली तर ठीक, मेव्हण्याबद्दल जपून.

मुलाखतीत म्हणायला हरकत नाही, पण त्यावर थांबलात तर फसाल. पुढचा प्रश्न ‘सिन्स व्हेन?’ हा येणारच. म्हणून त्याला दोन वाक्यं जोडून ठेवा : आधीची नोकरी का संपली आणि तेव्हापासून काय केलंत. ‘माय लास्ट कंपनी शिफ्टेड टू पुणे इन मार्च. सिन्स देन आय हॅव बीन लर्निंग सीएनसी प्रोग्रॅमिंग.’ एवढ्यावर बहुतेक साहेब पुढच्या विषयाकडे वळतात. वडिलांच्या दुकानात बसत असाल तर तेही सांगा. खडेबाजारात दिवाळीच्या गर्दीत गिऱ्हाईक सांभाळलेला मुलगा ‘सध्या काही करत नाही’ म्हणतो तेव्हा मला खरंच राग येतो.

आपल्या बोलीत याला तोडीस तोड शब्द आहे, हे मला फार उशिरा सुचलं. बसस्टँडवर कुणी भेटलं आणि विचारलं, ‘सध्या काय करूलालास?’ तर आमचा पोरगा म्हणतो, ‘बघूलालोय की.’ काय बघतोय, कुठे बघतोय, कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याला कळलेलं असतं आणि सांगणाऱ्याची मान खाली जात नाही. ‘बिटवीन जॉब्स’ शिकवताना मी आता आधी हेच सांगतो, म्हणजे सूर लगेच सापडतो.

लिहिताना मात्र हा वाक्प्रचार वापरू नका. बायोडेटात तारखाच बोलतात. बँकेच्या, पासपोर्टच्या, व्हिसाच्या अर्जात सरळ ‘अनएम्प्लॉइड’. ‘बिटवीन वर्क्स’वाला तो खानापूरचा मुलगा चांगला तयार झाल्यावर एका बँकेत खातं उघडायला गेला आणि उत्साहाच्या भरात नोकरीच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत ‘बिटवीन जॉब्स’ लिहून आला. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘ही कंपनी कुठं आली? मच्छेच्या इंडस्ट्रियल एरियात काय?’ त्यानं ते खोडून ‘अनएम्प्लॉइड’ लिहिलं. खाडाखोड झाली म्हणून शेजारी सही करावी लागली.